गिरणीची चिमणी डावीकडे

“हळू… हळू उचल,” मी म्हटलं.

शिरीषनं त्याच्याकडची दोन टोकं धरली, मी माझ्याकडची. कोरलेल्या लिनोवरून, म्हणजे रबरासारख्या मऊ पाटीवरून, कागद सुटताना चर्र आवाज झाला, आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना तो भलामोठा कागद चादरीसारखा धरून आम्ही दोघं उभे राहिलो.

काळं म्हणजे काय काळं आलं होतं! छापखान्यातून आणलेली शाई, आणि तिच्यावर ठेवलेला कागद वरणाच्या वाटीच्या बुडानं सकाळपासून घोटलेला. वर पांढरं स्वच्छ आकाश आणि खाली आमचं अख्खं तारापेठ, बुरजापासून गिरणीपर्यंत, एकाच काळ्या रांगेत. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. नऊ वर्षांच्या संसारात माझ्या चित्रांना ‘छान आहे’ यापलीकडे त्याचा शब्द गेला नव्हता. पण आज जाईल.

“वैजू,” तो म्हणाला.

“हं?”

“गिरणीची चिमणी इकडे कशी?”

आमच्या तारापेठेत जन्मलेल्या माणसाला शहराची ही ओळ पाठ असते. नदीच्या पुलावर उभं राहिलं की डावीकडे किल्ल्याचा बुरूज, मग महादेवाच्या देवळाचं शिखर, मग मशिदीचे दोन मिनार, मग घड्याळाचा मनोरा आणि पार उजवीकडे सूतगिरणीची चिमणी. नगरपालिकेच्या कागदांवर हेच, पेढ्यांच्या खोक्यावर हेच. आणि माझ्या हातातल्या कागदावर चिमणी डावीकडे होती. बुरूज उजवीकडे. मधलं सगळं त्याच हिशोबानं उलट.

“तू कागद उलटा नाही केलास?” मी ओरडले.

“केला की! तू सांगितलंस म्हणून केला.”

“मग मी पण केला!”

लिनोवर कोरलेलं कागदावर उलट उमटतं, म्हणून कोरताना आधीच उलट काढायचं असतं. एवढं मला अर्थात ठाऊक होतं. बटरपेपरवर चित्र काढायचं, तो पालथा करून लिनोवर ठेवायचा आणि मग गिरवायचं. त्या दिवशी सईला बालवाडीतून आणायची वेळ झाली, म्हणून जाता जाता शिरीषला सांगितलं, कागद पालथा करून लिनोवर चिकटव. त्यानं पालथा केला. चिकटपट्टी सापडेना, म्हणून वर चार वाट्या ठेवून तो निघून गेला. मी आले, बघितलं, कागद नुसताच ठेवलाय. म्हटलं, ह्यानं काही केलेलं दिसत नाही. पुन्हा पालथा केला आणि चिकटवून टाकला. बटरपेपरवर रेघ दोन्हीकडून सारखीच दिसते.

त्यानंतर दुपारीदुपारी, सई झोपली की, मी कोरत बसायचे. लिनोवर शहर अगदी नदीवरून दिसतं तसं बरोबर दिसत होतं, आणि ते बघून मला काय आनंद होत होता! तिथंच शंका यायला हवी होती. मी तर शिंप्याची मुलगी. कापडाची उलटसुलट बाजू आम्हाला पाळण्यात कळायला लागते.

“आता?” शिरीष म्हणाला.

आता काय, माझं डोकं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, नगर वाचनालयाच्या वार्षिक महोत्सवाचं उद्घाटन होतं. दर्शनी दालनातली समोरची भिंत चिटणीस धामणस्कर सरांनी मला दिली होती. मी दिवाळीला लोकांना पाठवायचे ती बोटभर लिनोची भेटकार्डं बघून. ‘वैजयंतीताई, हेच मोठं करा. भिंतभर तारापेठ करा,’ म्हणाले. चित्र लागलं, तर वाचनालयाच्या माडीवर मुलांना आणि बायकांना लिनो शिकवायचा वर्ग काढायचं त्यांनी कबूल केलं होतं. मी चित्रकलेच्या कुठल्या शाळेत गेलेली नाही. छत्रीच्या काड्या दगडावर घासून मी माझी हत्यारं केली, आणि बोटं कापत कापत शिकले. बी. ए. अर्धं राहिलं, शिवणाचा डिप्लोमा अर्धा राहिला. माझ्या नावावर पुरी झालेली गोष्ट म्हणजे एक सई. ही भिंत दुसरी होणार होती. पुण्याहून मागवलेला लिनोचा तो एकच अखंड तुकडा होता, आणि संध्याकाळी पाच वाजता चित्र घेऊन जायचं होतं.

“ओलं आहे तोवर त्याच्यावर दुसरा कागद दाबून बघूया,” मी म्हटलं. “उलट्याचं उलट म्हणजे सुलट.”

दाबला. घोट घोट घोटला. शहर सुलट आलं खरं, पण ताकात बुडवून काढल्यासारखं. बुरूज फिकट, चिमणी फिकट, देवळाचं शिखर तर नुसती शंका.

“हे पण छान आहे,” शिरीष म्हणाला.

मी खुर्चीवर बसले आणि रडायला लागले.

आई स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सिंधूताई बोडस. हातात त्यांचा तो निळ्या काठाचा कप.

त्या कपाचं सांगायला हवं. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याच आठवड्यात, सगळ्यांना चहा करताना मी तो कप फळीवरून काढला. आईंनी तो माझ्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. “ह्याला हात नको लावूस,” म्हणाल्या. त्यांचा कप, त्यांची ताटली, त्यांचं फुलपात्र वेगळ्या फळीवर. ते त्याच धुणार, त्याही उकळत्या पाण्यानं. आमचं लग्न आम्हीच जमवलेलं. ते बोडस, आम्ही शिंपी. अर्थ लावायला मला फार शिकावं लागलं नाही. माहेरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तोंडानं काही बोलतात का? नाही ना? मग कपाचं काय घेऊन बसलीस!” तोंडानं त्या खरंच कधी बोलल्या नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी हातांनी सगळं केलं. पण सईला घेतलं की मान पलीकडे वळवायच्या. नातीचा एक पापा त्यांनी कधी घेतला नाही. मी मनात म्हणायचे, वा रे सोवळं! पोरीच्या गालालासुद्धा शिंप्याचा विटाळ!

तर त्या दारात उभ्या होत्या. मी पदरानं तोंड पुसलं, कारण रडताना त्यांनी बघावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. कप ओट्यावर ठेवून त्या टेबलापाशी आल्या. डोक्यावर सरकवलेला चष्मा खाली घेतला. फिकट कागदाकडे त्यांनी बघितलंही नाही. काळ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ, काही सांगता यायचं नाही. कुकरची शिट्टी झाली, शिरीषनं जाऊन गॅस बारीक केला, तो परत आला, तरी त्या बघतच होत्या.

“आई, उलटं झालंय ते,” शिरीष म्हणाला. “आमच्या दोघांच्या हुशारीनं.”

“बरोबर आहे,” आई म्हणाल्या.

“अगं, चिमणी बघ ना कुठं आहे.”

“बघितली. बरोबर आहे.”

मी शिरीषकडे बघितलं. त्यानं डोळ्यांनीच खुणावलं, मोतीबिंदू असेल. मला मात्र वाटलं, ह्या माझी कीव करतायत. आणि ती मला त्यांच्याकडून नको होती.

त्यांनी कागदावर बोट टेकलं नाही, वरच्यावर धरलं. देऊळ आणि मिनार यांच्या मधली घरांची ओळ आहे ना, तिथं. आमची आळी तीच.

“इथं एक पांढरं करता येईल?”

“पांढरं?”

“एवढंसं. तांदळाएवढं.”

“कशासाठी, आई?”

“असंच. फार काळं झालंय तिथं.”

मला हसावं की ओरडावं कळेना. इथं सगळं शहर पालथं पडलंय, आणि ह्यांना तांदळाएवढं पांढरं पाहिजे! पण आधीच बिघडलेलं आणखी काय बिघडणार, असं म्हणून मी छत्रीची काडी घेतली आणि लिनोवर वाकले.

“इथं?”

“जरा वर. गच्चीच्या कठड्यावर.”

“कुठल्या गच्चीच्या?”

“आपल्या.”

मी काडी टोचली, एक बारीक कपटा उडवला. आईंनी खाली वाकून बघितलं.

“थोडं लांबट हवं. खाली लोंबल्यासारखं.”

मी लांबट केलं.

“आता नवा कागद काढ. काळाच ने. तो धुवट नको.”

“आई, लोक हसतील.”

“मी येते तुझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या आणि ओट्यावरचा कप उचलून विसळायला गेल्या.

शिरीष माझ्याकडे बघतच राहिला. आई वाचनालयात? लग्नमुंजीखेरीज त्या चार लोकांत जायच्या नाहीत. अगदी त्याच्या पदविकेच्या बक्षीस समारंभाला, रेल्वेफाटकापलीकडच्या टेकडीवर पॉलिटेक्निक आहे तिथंही, त्या गेल्या नव्हत्या. पाय दुखतात, म्हणाल्या होत्या.

पाचाच्या सुमारास आमची मिरवणूक निघाली. शाई ओली, म्हणून कागद प्लायवूडच्या फळीवर टाचण्यांनी लावलेला. पुढं शिरीष, मागं मी, आणि कडेनं पाण्याची स्वतःची बाटली घेऊन आई. सई शेजारच्या आत्तरकाकूंकडे. दोन गल्ल्यांचं अंतर, पण बाजाराचा दिवस.

“वहिनी, गाव उचलून कुठं चालवलंत?” पानवाला ओरडला.

“दुरुस्तीला,” मी म्हटलं. रडून झालं की मला विनोद सुचतात.

धामणस्कर सर दालनात खुर्च्या मोजून घेत होते. निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरीपुढचे, कडक इस्त्रीचं धोतर. हातातली पिशवी खाली ठेवून ते उत्साहानं पुढं आले. फळी आम्ही भिंतीला टेकवली. त्यांनी दोन पावलं मागं जाऊन बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“काम फार सुंदर झालंय,” ते म्हणाले. “पण वैजयंतीताई, इतकी वर्षं मी ह्या गावात आहे. गिरणीची चिमणी जागची हललेली मला आठवत नाही.”

“सर, चूक झाली. छपाईत उलटं आलं.”

“दुसरा छाप?”

“लिनोच तसा कोरला गेलाय. जो छाप काढाल तो असाच येणार.”

ते खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

“असं बघा,” ते म्हणाले. “उद्या सगळं गाव येणार. दारातून आत पाऊल टाकलं की पहिलं हेच दिसणार. लोक मला हसणार नाहीत, तुम्हाला हसतील. ‘जिला गाव सरळ काढता येत नाही ती काय शिकवणार,’ म्हणतील. मग तो वर्ग मला काढता येणार नाही. त्यापेक्षा ह्या खेपेला आपण राहू देऊ. भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी परत लावतो. पुढच्या वर्षी—”

“हो सर,” मी म्हटलं. फळी उचलायला मी वाकले.

“ते उलटं नाही,” आई म्हणाल्या.

त्या दालनाच्या मधोमध उभ्या होत्या, बाटली दोन्ही हातांनी धरून.

सर अदबीनं उठले. “सिंधूताई, आपण बसा ना. अहो, नदीवरून बघितलं की चिमणी उजव्या हाताला—”

“तुम्ही नदीवरून बघता.”

“मग कुठून बघायचं?”

“टेकडीवरून. तिथून चिमणी डाव्या हाताला येते. मग मनोरा, मग मिनार, मग देऊळ. बुरूज पार उजवीकडे. संध्याकाळी ऊन मागून आलं की सगळं असंच काळं दिसतं. खिडक्या नाहीत, दारं नाहीत, रंग नाही. असंच.”

“आई,” शिरीष हसत म्हणाला, “मी तीन वर्षं होतो टेकडीवर. तू कधी आलीस तिथं?”

“तुझ्या आधी. तुमचं ते वर्कशॉप आहे ना, त्या जागी आमचा वॉर्ड होता.”

बाहेर बाजारात कोणीतरी कोथिंबिरीच्या जुड्यांचा भाव ओरडत होतं.

“टीबीचा दवाखाना होता तिथं,” आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, जशी काही मी एकटीच तिथं होते. “ह्याला वर्ष व्हायचं होतं तेव्हा मला नेलं. दोन वर्षांवर होते. उघडी हवा पाहिजे म्हणून व्हरांड्यात खाटा टाकलेल्या. दिवसभर गावाकडे तोंड करून पडायचं.”

“तू बेळगावला मामाकडे होतीस,” शिरीष म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. “मी लहान असताना तू आजारी मामींचं करायला गेली होतीस. आत्यानं मला—”

“तुझ्या दोन्ही आत्यांची लग्नं व्हायची होती. बोडसांच्या घरात टीबी आहे म्हटल्यावर कोणी केली असती? नानांनी बेळगाव सांगितलं. मग बेळगावच झालं.” नाना म्हणजे माझे सासरे.

“आणि नंतर? लग्नं झाल्यावर?”

“नंतर कोणी विचारलं नाही,” आई म्हणाल्या. “बरं झालं होतं ना सगळं.”

धामणस्कर सर अजून उभेच होते. “आम्ही शाळेची मुलं घेऊन त्या रस्त्यानं सहलीला जायचो,” ते हळूच म्हणाले. “टेकडीपाशी आलं की नाकाला रुमाल लावायला सांगायचो. मी स्वतःही लावायचो, सिंधूताई.”

“दिसायचं की वरून!” आई चक्क हसल्या. “सगळेच लावायचे. रांगेनं पांढरे ठिपके चाललेत असं वाटायचं. आम्ही मोजायचो. वेळ जायचा.”

शिरीष चित्रापाशी गेला होता. पाठमोरा. त्याची मान जरा खाली होती.

“आणि हे?” त्यानं विचारलं. “हे पांढरं?”

“ते नानांचं धोतर.”

“धोतर?”

“मूल दवाखान्यात न्यायचं नाही. नानांनाही कामाच्या व्यापात महिन्यातून एकदा यायला जमायचं. म्हणून मग ठरलं, की दिवेलागणीच्या आधी त्यांनी गच्चीच्या कठड्यावर धोतर टाकायचं. धोतर दिसलं की बाळ बरं आहे. मी आधी देऊळ शोधायची, मग मिनार, मग त्यांच्या मधे बघायची. तुला गोवर आला तेव्हा बरेच दिवस नुसता कठडाच. बाजूच्या खाटेवर एक मुसलमान बाई होत्या, त्यांची नजर तरुण. मी डोळे मिटून घ्यायची आणि त्यांना म्हणायची, तुम्ही बघा. त्या रोज म्हणायच्या, उद्या दिसेल. एक दिवस त्या काही बोलल्याच नाहीत, नुसतं माझं डोकं धरून तिकडं वळवलं.”

शिरीषनं बोट पुढं केलं. मी म्हणणार होते, हात नको लावूस, शाई ओली आहे. नाही म्हटलं. त्यानं पांढऱ्यावर बोट टेकवलं नाही, शेजारच्या काळ्यावर टेकवलं. तिथं त्याच्या बोटाचा ठसा आहे अजून.

“तीन वर्षं त्या टेकडीवर होतो,” तो म्हणाला. “एकदाही मागं वळून गावाकडं बघितलं नाही मी.”

“तू शिकायला गेला होतास,” आई म्हणाल्या. “तुला कशाला बघायला लागतंय.”

धामणस्कर सरांनी खिशातून पेन काढलं आणि टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहिलं : ‘टेकडीवरून तारापेठ’. खाली माझं नाव. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “खिळे आणलेत का, की तेही मीच शोधू?”

उद्घाटनाचं मी फार सांगत नाही. लोक आले, माना तिरप्या करून उभे राहिले. उलटं आहे, नाही हो, टेकडीवरून आहे, असे वाद दिवसभर चालले. काही म्हातारी माणसं मात्र काहीच न बोलता उभी राहायची, आणि जाताना एकदा आईंकडे बघून जायची. वर्ग सुरू झाला, आजही चालतो. लिनोचा तो मूळ तुकडा माझ्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे. त्याच्यावर गाव सुलट आहे, नदीवरून दिसतं तसं. त्यात तांदळाएवढा एक लांबट खड्डा.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारच्या संध्याकाळचं. आम्ही घरी आलो. शिरीष सईला आणायला म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही. आई स्वयंपाकघरात पाटावर पाय पसरून बसल्या. चालल्यानं दमल्या होत्या. मी चहा टाकला. वेगळ्या फळीवरचा निळ्या काठाचा कप काढला.

“मी घेते माझा,” त्या लगबगीनं उठायला लागल्या.

“बसा हो. आई, एक विचारू?”

“विचार.”

“हा कप वेगळा तो त्या दुखण्यामुळे?”

“मग कशामुळे? डॉक्टर म्हणाले होते, आता काही नाही, कोणाला काही होणार नाही. पण हाताला सवय लागली. सईला जवळ घेतलं तरी मान आपोआप वळते. भीती वाटते गं.”

“मला वाटलं, शिंप्याच्या मुलीचा हात लागू नये म्हणून.”

आई माझ्याकडे बघत राहिल्या. “काय म्हणालीस?”

“नऊ वर्षं मला असंच वाटत होतं.”

आणि त्या हसायला लागल्या. असं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. हसता हसता ठसका लागला, तसा पदर तोंडाला गेला आणि मान भिंतीकडे वळली. ठसका थांबला तरी त्या तशाच होत्या, भिंतीकडे तोंड करून. खांदे हलत होते. आता हसण्यानं नव्हे.

“मला वाटायचं, तुला कळलंय,” त्या भिंतीलाच म्हणाल्या. “मनात म्हणायची मी, पोरगी शहाणी आहे. ओळखलंय तिनं, पण विचारत नाही. उलट आशीर्वाद द्यायची मी तुला, रोज तो कप धुताना.”

मी चहा गाळला. एक माझ्या स्टीलच्या पेल्यात, एक निळ्या काठाच्या कपात. पेला त्यांच्यापुढं ठेवला, कप मी घेतला आणि समोर मांडी घालून बसले.

“अगं, तो—”

“तुमचा आहे. माहीत आहे.”

“उकळत्या पाण्यानं तरी—”

“नाही धुतला.”

मी घोट घेतला. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू आत्ता मला काहीतरी होणार. दुसरा घेतला. काही झालं नाही. भिंतीवर घड्याळ चालू होतं, बाहेर सईचा आवाज यायला लागला होता.

“साखर कमी आहे,” मी म्हटलं.

“मी कमीच घेते,” त्या म्हणाल्या. समोरच्या पेल्याकडे थोडा वेळ बघितलं. मग दोन्ही हातांनी तो उचलला, अगदी हळू तोंडाला लावला आणि लगेच तोंड वाकडं केलं.

“शी! केवढी गोड पितेस गं तू!”

म्हणाल्या, आणि दुसरा घोट घेतला.